भूपात मध्यम आला कुठून?

घरी चांगलं गाणं ऐकणाऱ्या हौशी मंडळींत एक मत आता जवळजवळ पक्कं झालं आहे. वीज शुद्ध असल्याशिवाय स्टिरिओ नीट वाजत नाही. आणि ती शुद्ध करायची तर मनगटाएवढी जाड पॉवर कॉर्ड, कंडिशनर, जमल्यास भारी स्टॅबिलायझर घ्यायला हवा. यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं साफ चूक आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात याची मला चीड येते.

आधी कॉर्ड. 11 हजार व्होल्टची लाइन गल्लीच्या तोंडाशी डीपीत उतरते. तिथून अ‍ॅल्युमिनियमची केबल, मीटर, एमसीबी, भिंतीतली तांब्याची वायर अशी मजल दरमजल करत वीज सॉकेटपर्यंत येते. वाटेत जे बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं. शेवटच्या दीड मीटरला चांदीचा मुलामा दिल्याने ते सुधारत नाही. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरल्यावर तर हीच वीज फ्यूजच्या बारीक तारेतून जाते, ट्रान्सफॉर्मरच्या शेकडो वेढ्यांतून फिरते, डायोडमधून एकदिश होते आणि कपॅसिटरमध्ये साठते. स्पीकर चालतो तो या साठ्यावर. कॉर्ड बदलल्यावर आवाज खुलला असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरातल्या कुणालातरी आपल्या नकळत कॉर्ड बदलायला सांगावी आणि कोणती कुठली ते ओळखून दाखवावं.

स्टॅबिलायझरचं काम वेगळं आहे. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज कोसळतं अशा गावांत तो जरूर हवा. पण तो व्होल्टेज सावरतो. स्पीकरमधली गुणगुण त्याने जात नाही.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. ‘अ‍ॅम्पमध्ये फिल्टर असतात, विजेने काही फरक पडत नाही,’ असं ती ठासून सांगतात. मग शेजारच्या खोलीत हेअर ड्रायर कमी वेगावर लावला की अ‍ॅम्पचा गोल ट्रान्सफॉर्मर घुरघुरायला का लागतो? बरेच ड्रायर कमी वेगाला डायोड लावून विजेची अर्धीच लाट वापरतात. त्यामुळे लाइनमध्ये थोडा डीसी मिसळतो आणि तेवढ्यानेही तो ट्रान्सफॉर्मर बेजार होतो. फ्रिज बंद होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ होतं तेही असंच बाहेरून आलेलं.

सगळ्यांत मोठा उपद्रव मात्र अर्थिंगचा. अ‍ॅम्प एका सॉकेटवर, टीव्ही दुसऱ्या भिंतीवर, सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून आलेली केबल. तिघांच्या अर्थमध्ये व्होल्टचा थोडासा फरक पडला तरी जोडवायरच्या जाळीतून करंट वाहू लागतो. गाण्याचा सिग्नलही त्याच जाळीतून परततो, म्हणून 50 हर्ट्झची गुणगुण थेट गाण्यात उतरते, तिच्या दुपटीचा 100 हर्ट्झचा सूरही सोबत येतो. हा 100 हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वरचा सूर. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या मागे तो तीव्र मध्यमाच्याही थोडा वर लागतो. गवई भूप मांडतोय, ज्यात मध्यम वर्ज्य आहे, आणि तंबोऱ्यांच्या तळाशी एक बेसूर मध्यम अखंड चालू आहे! विलंबित ख्यालातल्या शांत जागांमध्ये हे ऐकणं मला असह्य होतं. कलाकाराने जो स्वर कटाक्षाने टाळला, तो आपण भिंतीतून आत सोडतो.

याचा इलाज स्वस्त आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. गुणगुण थांबली तर चोर सापडला, मग ऑप्टिकल वायर वापरा किंवा केबलला आयसोलेटर लावा. डिमर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे त्या बोर्डापासून दूर ठेवा. जमल्यास मेन बोर्डापासून म्युझिक सिस्टिमसाठी वेगळी लाइन ओढा. आणि जाणत्या वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट चालतात. त्याहून बरंच जास्त भरलं तर सैल जोड किंवा इमारतीखालचा अर्थिंगचा खड्डा तपासायला लावा. कोळसा-मीठ घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात पाणी घालण्याची कुणालाच आठवण नसते. सोसायटीच्या सभेत रंगकामावर तासभर बोलणं होतं, या खड्ड्याचं नावही निघत नाही.

काही दुकानदार अजूनही गुणगुण घालवायला प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायला सांगतात. गुणगुण जाते हे खरं. पण उद्या आत फेज सुटून अ‍ॅम्पच्या पत्र्याला लागली, तर बटणाला हात लावणाऱ्याच्या अंगातून ती जमिनीकडे जाईल. असा सल्ला देणाऱ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका, आणि ती पिन आधीच कापली असेल तर आजच नवा प्लग बसवून घ्या.