रडीचा डाव आणि जिंकणारे

कासारवाडीत निरनिराळ्या पाळ्यांत काम करणारी माणसे एकाच वेळी घरी सापडणे कठीण. एका दिवाळीत आमच्या घरी तो योग जुळून आला आणि कॅरम मांडला गेला. पुतण्याने राणी घेतली. परंतु लगेचच्या फटक्यात त्याला कव्हर घेता आले नाही. नियमाप्रमाणे राणी पुन्हा मधोमध गेली. आधी त्याने पावडर कमी असल्याची तक्रार केली, मग सोंगट्या उधळल्या आणि तो आतल्या खोलीत जाऊन बसला. 'रड्या!' कोणीतरी ओरडले. सारे हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

रडीचा डाव केवळ मुलेच खेळतात असे नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध चीतपटीचा निर्णय होताच शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. राक्षे हे आपल्या चाकणच्याच खेड तालुक्यातील मल्ल, पूर्वी हा किताब पटकावलेले. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड यांनीही अर्ध्यावर आखाडा सोडला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांचा निर्णय योग्य होता काय, यावर पुष्कळ वाद झाला. त्यात आम्ही शिरत नाही. अन्याय झाला असे वाटणाऱ्याने दाद जरूर मागावी. पण लाथ मारताच त्याची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. भाच्याकडून, म्हणजे अजातशत्रूकडून, तो तीनदा हरला. कालच्या पोराने आपल्याला हरवावे, या लाजेने त्याने अन्न सोडले आणि अंथरूण धरले. (घरोघरीचे काका-मामा येथे आठवावेत.) हे कळल्यावर तथागतांनी हरणाऱ्याच्या दुःखाबरोबरच जिंकणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या वैराचाही उल्लेख केला. आम्हांस ही गोष्ट फार मोलाची वाटते. रड्याला सुधारण्याचे उपाय आपण शोधतो. त्याला चिडवणाऱ्या विजेत्याकडे मात्र कोणी पाहत नाही. आमच्या मते आवर प्रथम त्याला घालावा.

काही पालक उलट टोक गाठतात व मुलाला मुद्दाम जिंकू देतात. ते आम्हांस मान्य नाही. मुलाला ते बहुधा कळते, आणि न कळल्यास बाहेरच्या अंगणात पहिल्याच दिवशी त्याची फजिती होते. आपल्या जुन्या खेळांत याहून प्रामाणिक सोय होती: कच्चा लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचे, त्याच्यावर राज्य द्यायचे नाही, आणि हे सर्वांसमक्ष, त्यालाही ठाऊक असे. सवलत उघड असल्याने तीत फसवणूक नव्हती. शिवाय थोडा मोठा झाला की तोच म्हणे, 'आता मी कच्चा नाही.'

सोंगट्या उधळणाऱ्याला मात्र सवलत नसावी. त्याने त्या स्वतः गोळा कराव्यात, पण राग शमल्यावर, आणि टोमण्याविना.

त्या संध्याकाळी आम्ही आतल्या खोलीत गेलो, हसल्याबद्दल पुतण्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने कपाटाखालची राणी शोधून काढली व विचारले, 'काका, पहिला फटका कोणाचा?'