ठाण्यातून परत पाठवणाऱ्यांना जाहीर इशारा

पोलीस ठाण्यांचे अंमलदार, सरकारी आणि खासगी रुग्णालयांतले डॉक्टर, आरोपीचे वकील, आणि 'घरातलं घरात मिटवा' म्हणत मध्ये पडणारी गावातली मोठी माणसं, या सर्वांना हा इशारा आहे. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आजवर जसं वागवत आलात, तसं यापुढे वागवाल तर त्याचा जाब द्यावा लागेल. जिथे कायद्याने तो गुन्हा आहे, तिथे आम्ही गुन्हा दाखल करायला लावू.

हा राग कालचा नाही. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनीच अत्याचार केला, अशी तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने या मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचं सांगून दोन्ही पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. का? तर अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचं न्यायालयाला पटलं नाही. रात्री, ठाण्याच्या आत, खाकी वर्दीसमोर एका गरीब पोरीने कुणाला हाका मारायच्या होत्या?

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाले आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं, असं ठरलं. 2013 मध्ये कायद्याने आणखी स्पष्ट केलं की अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही.

तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या एसटीत एका तरुणीवर बलात्कार झाला, तेव्हा राज्याचे गृहराज्यमंत्री काय बोलले? प्रतिकार झाला नाही, म्हणून आसपासच्या लोकांना कळलं नाही, अशा अर्थाचं ते विधान होतं. देसाईगंजला 53 वर्षं होत आली होती आणि मंत्र्यांच्या तोंडी अजून तेच. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या आईबापांना तक्रारीसाठी ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं गेलं. लोक रेल्वे रुळांवर बसले, तेव्हा कुठे शासन हललं.

ठाण्यात काय चालतं, ते आम्हाला माहीत आहे. ती बाकड्यावर बसलेली असते. अंगावर तेच कपडे, कारण धुवायचे नाहीत एवढं कुणीतरी तिला सांगितलेलं असतं. समोरून ये-जा करणारा प्रत्येक जण तिच्याकडे वळून बघतो. 'एवढ्या रात्री तिकडे कशाला गेली होतीस?' 'हे आमच्या हद्दीत येत नाही.' 'मॅडम उद्या येतील.' 'आधी साधा अर्ज द्या, चौकशी करून बघू.' मग बापाला बाजूला घेऊन हळूच, 'पोरीचं लग्न व्हायचंय ना?' तोवर ती लघवीला जाऊन येते, पाणी पिते, आणि पुरावा तासागणिक नष्ट होत राहतो.

आता कायदा ऐका. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवावाच लागतो. महिला अधिकारी हजर नसेल तर तिला बोलावून घेणं हे ठाण्याचं काम आहे, तक्रारदाराचं नाही. बलात्काराची माहिती नोंदवून न घेणारा सरकारी नोकर भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली गुन्हेगार ठरतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी. आणि या कलमाखाली खटला चालवायला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. साहेब वाचवतील, या भरवशावर कुणी राहू नये.

डॉक्टरांनो, तिच्यावर तातडीने आणि मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. 'आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणून परत पाठवाल तर कलम 200 खाली रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिला शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवायला दोन बोटांची चाचणी करणं हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये बजावलं आहे. 'सवय आहे' हा शेरा यापुढे एकाही अहवालात दिसता कामा नये.

वकिलांनो, आरोपीचा बचाव करणं तुमचं काम आहे, त्याला आमची हरकत नाही. पण तिचे आधीचे संबंध उकरून काढून संमती सिद्ध करायला कायद्याने मनाई आहे. तो प्रश्न आला की सरकारी वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घ्यावी. सुनावणी बंद दालनात व्हावी. गावच्या पुढाऱ्यांनो, बलात्कार तडजोडीने मिटत नाही. आरोपीशी लग्न लावून देणं हा न्याय नाही. आणि तिचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

आमची मागणी एवढीच आहे. आजपासून तीस दिवसांत प्रत्येक पोलीस अधीक्षकाने आणि आयुक्ताने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात कलम 199 मराठीत, ठळक अक्षरांत लावावं. प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने कलम 200 रुग्णालयाच्या अपघात विभागात लावावं. एकतिसाव्या दिवसापासून ज्या ठाण्यातून एकही बाई रिकाम्या हाताने परत येईल, तिथलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी जाईल, अधीक्षकांकडे लेखी तक्रार जाईल, आणि तिथे दाद मिळाली नाही तर आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहू.

हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगणं आहे. ठाण्यात एकटी जाऊ नकोस. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मोफत मिळणं तुझा हक्क आहे, ती हातात पडल्याशिवाय तिथून उठू नकोस. ज्याने नोंद नाकारली, त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेव. पुढचा खटला त्याच्यावर चालेल.