उभी गाडी आणि उसाचे पेट्रोल

कल्याणच्या एका वाचक बंधूंचे चार पानी पत्र आले आहे. त्यांस सप्रेम जयभीम कळवून उत्तर येथेच देतो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा राहिलेला नाही. पहिल्यांदाच दारात गाडी आलेली कितीतरी कुटुंबे आता आपल्या ओळखीत आहेत. गाडी बहुधा सेकंडहँड असते, आणि महिन्यातले पंचवीस दिवस ती झाडाखाली उभी असते.

पत्रातील हकिकत अशी. २०१८ सालची टर्बो पेट्रोल गाडी, मुलाने वेगाच्या हौसेने पसंत केलेली. बापलेक दोघेही कामाला लोकलने जातात. गाडी ठेवली आहे ती मुख्यतः आजोबांसाठी, त्यांना हृदयविकार आहे. ऑगस्टमध्ये मध्यरात्री त्यांच्या छातीत दुखू लागले आणि गाडी काही केल्या सुरू झाली नाही. शेजाऱ्याची रिक्षा होती म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ‘पेट्रोलमधल्या इथेनॉलने पंप खाल्ला’ असा निकाल देऊन पंप बदलला व भलेमोठे बिल हातात ठेवले. आता गाडी विकावी काय, असे ते विचारतात.

इथेनॉल काही काल आलेले नाही. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यांतले दोन आपल्याच मिरज आणि मनमाडला. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के, जून २०२२ मध्ये देशभराच्या सरासरीने दहा टक्के, आणि २०२५ मध्ये वीस टक्के, म्हणजे ज्याला ई-२० म्हणतात ते. उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांपासून हे होते. (ऊसतोड मजुराचा घाम त्या लिटरच्या भावात कुठे मोजला जातो, हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी.)

इथेनॉलने इंजिनची ताकद जाते, असा एक समज आहे. तो खरा नाही. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीने २००७ मध्ये सीसीएक्सआर नावाची गाडी काढली. तिच्या साध्या पेट्रोलवरच्या भावंडाची ताकद ८०६ अश्वशक्ती, तर ८५ टक्के इथेनॉलवर हिची १०१८. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा आहे आणि वाफ होताना ते आतली हवा थंड करते, म्हणून टर्बो इंजिनला जास्त दाब सोसतो. मात्र इंजिन त्यासाठीच बनवलेले हवे. अशी गाडी कोणा वाचकाकडे असल्यास त्यांनी आम्हांस एकदा ठाण्यापर्यंत तरी न्यावे.

इथेनॉलचा खरा दोष म्हणजे त्याला पाण्याची ओढ आहे. साधे पेट्रोल पाण्याला जवळ करीत नाही, इथेनॉल हवेतील ओलसुद्धा ओढून घेते. प्रमाणाबाहेर पाणी शिरले की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पंपाची तोंडमिळवणी नेमकी तिथे असते. अशा पाण्याने धातू गंजतो. जुन्या गाड्यांतील रबराच्या नळ्या व सील तर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. अमेरिकेत पंपावर ५१ ते ८३ टक्के इथेनॉलचे इंधन मिळते. तिथले शर्यतीचे हौशी लोक गाडी हिवाळ्यात उभी करण्यापूर्वी ते इंधन संपवून साधे पेट्रोल भरतात आणि तेच सगळ्या नळ्यांतून फिरेपर्यंत गाडी चालवतात. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत निवडक पंपांवर ‘इथेनॉल १००’ आणले गेले. ते फक्त फ्लेक्स-फ्युएल गाडीसाठी आहे, साध्या गाडीत भूल पडूनही भरू नये.

आता कल्याणच्या गाडीकडे येऊ. पत्रात एक वाक्य आहे: ‘चावी फिरवली की नुसते कट-कट वाजत होते आणि दिवे मंद होत होते.’ आमच्या ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकला आम्ही हे वाक्य वाचून दाखवले. तो हसला. पेट्रोल बिघडले असते किंवा पंप गेला असता तर स्टार्टरने इंजिन जोरात फिरवले असते, फक्त ते पेटले नसते. कट-कट आणि मंद दिवे म्हणजे बॅटरी उतरलेली. आजकालच्या गाडीत घड्याळ, कुलूप, अलार्म हे सारे बंद गाडीतही थोडी थोडी वीज खातात. पाच-सहा आठवडे उभ्या गाडीची बॅटरी त्यात संपते. पंप बदलला त्याच वेळी बॅटरी चार्ज झाली असणार, म्हणून गाडी सुरू झाली आणि दोष इथेनॉलच्या माथी बसला. बदललेला पंप मागून घेतला आहे काय? नसल्यास यापुढे प्रत्येक जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर भागाचे नाव लिहून घ्यावे.

आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा थोडा हिशेब मांडतो. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालानुसार ई-२० साठी न जुळवलेल्या जुन्या चारचाकीचे मायलेज सहा ते सात टक्के घटते. यांची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते. लिटरला पंधरा धरले तर दोनशे लिटर, सहा टक्के घटीने सुमारे तेरा लिटर जास्त. शंभर रुपये भावाने तेराशे रुपये. रोज चालणाऱ्या टॅक्सीवाल्याला ही टक्केवारी मारते. उभ्या गाडीला मारते ती बॅटरी, कडक झालेले टायर, चिकटलेले हँडब्रेक, आणि उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या वायरी.

तरीही आमचा एक राग आहे, तो लिहितो. ई-२० सोसणारे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. त्याआधीच्या गाड्या कोणाकडे आहेत? सेकंडहँड घेणाऱ्यांकडे. बिनइथेनॉल पेट्रोलचाही पर्याय असावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल असते हे खरे, पण तिथली तयारी १९७५ पासूनची आहे आणि बहुतेक गाड्या दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या आहेत. आपल्याकडे इंधन आधी बदलले, लोकांच्या गाड्या मागे राहिल्या. नळ्या बदलण्याचा खर्च गाडीमालकाच्याच खिशातून जातो.

असो. करावयाचे काय, ते सांगतो. दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढावी आणि अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून काहीच साधत नाही, उलट गार इंजिनातले न जळलेले इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलात उतरते. म्हणून ऑइल किलोमीटरवर न जाता वर्षाला बदलावे. ‘पाचशेचे टाका’ ही आपली सवय उभ्या गाडीला घातक आहे. पंप टाकीत असतो, पेट्रोलनेच थंड राहतो, आणि रिकाम्या जागेत पावसाळी हवा भरते. जून ते सप्टेंबर टाकी पाऊणच्या वर असावी, झाकण घट्ट. चार-सहा महिने गाडी हलणारच नसेल तर मेकॅनिककडून पेट्रोल काढून चालत्या गाडीत वापरून टाकावे. कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलीचा पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी. २०२३ पूर्वीच्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या वर्षातून एकदा बोटांनी दाबून पाहाव्यात. चिकट किंवा भेगाळलेल्या दिसल्या तर लगेच बदलाव्यात, कारण पेट्रोल गळून आग लागू शकते. इथेनॉल ‘मारणारी’ औषधे बाटलीत मिळतात. बाटलीने इथेनॉल नाहीसे होत नाही, पैसे होतात.

गाडी विकू नका, असे आमचे मत आहे. जुनी बॅटरी चाचणीत नापास झाली तर नवी घ्या आणि भिंतीच्या प्लगवर चालणारा छोटा चार्जर आणा. रविवारी मुलाला आजोबांना घेऊन टिटवाळ्यापर्यंत जाऊन येऊ द्या, त्यात त्याची हौसही भागेल. आणि १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असू द्या. छातीत दुखू लागले तर गाडीची चावी शोधण्याआधी तो फिरवायचा.