पंधराशे वॉटचं गवत

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात लोक साधारणपणे चार विषयांवर लिहितात: पहिला पाऊस, पहिलं प्रेम, मेसची भाजी आणि के.टी. या चारही विषयांतला माझा अनुभव दांडगा आहे, पण मी गवतावर लिहिणार आहे. म्हणजे गवत कापायच्या मशीनवर. हसू नका! तुमच्यापैकी निम्मे मेकचे आहेत, पुढेमागे घर बांधाल, घरापुढे चार हात हिरवळ कराल आणि एक दिवस दुकानात जाऊन ‘भाऊ, लॉनमोवर दाखवा’ म्हणाल. तेव्हा मी जे केलं ते करू नका, एवढंच सांगायचं आहे.

तर झालं असं. आमचं घर साताऱ्यात. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरापुढच्या मोकळ्या जागेत हरळी लावली. तीस फूट बाय वीस फूट. एकेक काडी हाताने रोवलेली, आणि पहिला उन्हाळा धुण्याच्या पाण्यावर जगवलेली. कापायला एक माळीमामा यायचे. विळा घेऊन उकिडवे बसायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायचे. मग त्यांचे गुडघे गेले आणि ते यायचे बंद झाले. बाबांची कंबर आधीच गेलेली. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलेली. तेव्हा मशीन घ्यायचं ठरलं, आणि घरात एक भावी इंजिनियर उपलब्ध असल्यामुळे निवडीचं खातं माझ्याकडे आलं.

त्याच सेमला आम्हाला ‘वेटेड डिसिजन मॅट्रिक्स’ शिकवलेलं होतं. आता हे ज्ञान कुठेतरी पाजळायला नको का? रात्री रूमवर बसून मी रीतसर तक्ता केला. पॉवर, कटिंग विड्थ, गवत साठवायचा डबा, वजन, किंमत. प्रत्येकाला गुण, गुणांना वेटेज. पॉवरला सगळ्यात जास्त वेटेज (का, ते विचारू नका. तेव्हा ते उघड सत्य वाटलं होतं). उत्तर आलं: सोळा इंची पात्याचं, १५०० वॉटचं इलेक्ट्रिक रोटरी. फोनवर बाबा म्हणाले, ‘‘अरे, ते हातानं ढकलायचं साधं मशीन मिळतं ना, सिलिंडरवालं? तेवढं पुरे की आपल्याला.’’ मी म्हणालो, ‘‘बाबा, ते इंग्रजांच्या काळातलं झालं. तुम्ही हे माझ्यावर सोडा.’’ बाबांनी सोडलं.

इंग्रजांच्या काळातलं हे मात्र खरं निघालं. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली याचं पेटंट घेतलं. तिथल्या कापडगिरण्यांत लोकरी कापडावरची लव सारखी छाटायला एक फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. त्यावरून त्याला वाटलं, कापडावरची लव छाटता येते तर जमिनीवरची का नाही? मोठी यंत्रं पुढे घोडे ओढायचे आणि हिरवळीवर टापांचे खळगे पडू नयेत म्हणून त्या घोड्यांना चामड्याचे बूट घालायचे! असो. विषयांतर झालं, पण हे बूट मला फार आवडले म्हणून सांगितलं.

तर या सिलिंडरवाल्या मशीनमध्ये पिळदार पाती एका आडव्या सिलिंडरवर बसवलेली असतात आणि खाली एक स्थिर पातं असतं. चाक फिरलं की गिअरमुळे सिलिंडर त्याच्यापेक्षा वेगाने फिरतो, गवताची काडी फिरत्या आणि स्थिर पात्यात सापडते आणि कात्रीसारखी कापली जाते. रोटरीचं तत्त्वच वेगळं. तिथे खाली दुसरं पातं नसतंच. एक सपाट पट्टी जमिनीला समांतर, भन्नाट वेगाने फिरते आणि काडीला फटका मारून तोडते. कापते म्हणण्यापेक्षा मारते. म्हणूनच तिला वेग लागतो, वेगाला मोटर लागते, आणि मोटरला पंधराशे वॉट. पॉवर हा रोटरीचा गुण नव्हे, ती तिची गरज आहे. मी त्या गरजेला सगळ्यात जास्त गुण दिले होते.

आता जरा गणित करू (इतर ब्रँचवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल). साध्या टू-पोल मोटरचा वेग साधारण २८५० आर.पी.एम. धरा. सोळा इंची पट्टी, म्हणजे त्रिज्या आठ इंच, वीस सेंटिमीटर. टोकाचा वेग येतो सेकंदाला साठ मीटर. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर! दहा ग्रॅमचा एक खडा त्या वेगाने सुटला तर त्याच्यात अठरा ज्यूल ऊर्जा असते. एकशे साठ ग्रॅमचा क्रिकेटचा बॉल ताशी चोपन्न किलोमीटरने येऊन लागला तर जेवढी बसेल तेवढी. फरक इतकाच, की खडा टोकदार असतो.

हे गणित मी नंतर केलं. आधी करायला हवं होतं.

जून संपत आलेला. मी सुट्टीत घरी होतो. गवत ओलं होतं आणि ओलं गवत रोटरीच्या पोटात लगदा होऊन बसतं, मागच्या झडपेशी तुंबतं. दर दोन मिनिटांनी मशीन बंद करा, प्लग काढा, उलटं करा, काडीने खरवडा. मला कंटाळा आला. मी मागची ती रबरी झडप स्क्रू काढून सरळ बाजूला ठेवली. मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानावर ‘झडप काढू नये’ असं ठळक छापलेलं होतं. मॅन्युअल वाचणं हे आपलं काम नव्हे अशी आपली समजूत असतेच. पाच मिनिटांत ‘ठण्ण’ असा आवाज झाला. आई मागे तुळशीपाशी उभी होती. खडा तिच्या नडगीवर बसला. तीन टाके पडले. दवाखान्यात टाके घालताना ती मला एवढंच म्हणाली, ‘‘गवतच कापत होतास ना रे?’’

बाबा काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी वायर गुंडाळली, झडप परत बसवली, स्क्रू नीट आवळले आणि मशीन जिन्याखाली ठेवून दिलं. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

(जाता जाता: अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, की माणसाने चालवायच्या रोटरी मोवरचं हँडल सोडलं की पातं तीन सेकंदांच्या आत थांबलंच पाहिजे. घेताना दुकानातच हे तपासून घ्या. आणि ज्या प्लगला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. नाही त्यावर इलेक्ट्रिक मोवर लावू नका. पातं स्वतःचीच वायर कापतं, हा विनोद नाही.)

पुढच्या सेमला बाबा मला भेटायला पुण्याला आले. रविवार होता. म्हणाले, जुन्या बाजारात जाऊन येऊ. मला वाटलं, पाने-पक्कड घ्यायचे असतील. दोन तास त्या गर्दीत फिरून त्यांनी एक गंजलेलं, बारा इंची, सिलिंडरवालं ढकलमशीन शोधून काढलं. दांडा नव्हताच. मी ते हॉस्टेलवर आणलं तेव्हा अख्खी विंग बघायला जमली होती. वॉचमनकाकांनी तर रजिस्टरमध्ये ‘एक लोखंडी सामान’ अशी नोंद केली.

त्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलच्या मागच्या ओट्यावर बाबांनी मला जे दाखवलं ते कुठल्याही प्रॅक्टिकलमध्ये कोणी दाखवलेलं नाही. आधी रॉकेलने सगळं धुतलं. मग पात्यांच्या धारेवर इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट ब्रशने लावली आणि सिलिंडर उलटा फिरवला. सुलटा नाही, उलटा! म्हणजे पाती कापत नाहीत, एकमेकांवर घासून बसतात आणि फिरत्या पात्याची धार स्थिर पात्याशी आपोआप जुळते. मध्ये मध्ये खालच्या पात्याचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळायचे. शेवटी परीक्षा: वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरायची आणि सिलिंडर हळूच फिरवायचा. डावीकडे कागद स्वच्छ कापला गेला, उजवीकडे नुसता दुमडला. बाबा म्हणाले, ‘‘अजून थोडं.’’ दहा वाजेपर्यंत ‘अजून थोडं’ चाललं होतं. रेक्टर सर येऊन उभे राहिले. आता ओरडणार असं वाटलं, पण ते स्वतः खाली बसले आणि त्यांनी कागद धरला.

आता आमच्या लॉनचा हिशोब. वीस फूट रुंदी, बारा इंची मशीन, दोन इंच ओव्हरलॅप सोडला तर चोवीस फेऱ्या. प्रत्येक फेरी तीस फूट. एकूण ७२० फूट, म्हणजे साधारण २२० मीटर. आपल्या हॉस्टेलपासून मेसला जाऊन परत येण्याइतकंही नाही! सोळा इंची मशीनने अठरा फेऱ्या, १६५ मीटर. म्हणजे मी पंधराशे वॉट, वायर, आर.सी.सी.बी. आणि आईचे तीन टाके एवढा खर्च करून किती वाचवलं? पंचावन्न मीटर चालणं. तेही रिटायर झालेल्या माणसाचं, ज्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: दुकानात जायच्या आधी टेप घेऊन अंगण मोजा. आपल्याकडे बंगल्यापुढे असते तेवढी, पाचसातशे चौरस फुटांची, सपाट हिरवळ असेल तर हातानं ढकलायचं सिलिंडरवालं मशीन घ्या. मोटर नाही, वायर नाही, ढकलणं थांबवलं की पाती थांबतात. आणि काप बघा. रोटरीचं पातं जरा बोथट झालं की काडीचं टोक फाटतं, आणि दोन दिवसांत लॉनवर पांढुरकी-तपकिरी झाक येते. आमचं लॉन त्या महिन्यात आजारी दिसत होतं आणि मी खत कमी पडलं म्हणून निदान केलं होतं.

पण सिलिंडरवाल्याचे नखरे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. त्याला खडा चालत नाही, पात्याला खाच पडते. उंच गवत त्याच्यापुढे नुसतं आडवं होतं. हरळीचे तुरे तर हमखास वाकतात आणि मशीन गेल्यावर परत उभे राहून तुमच्याकडे बघतात. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये असा नियम आहे. तीन सेंटिमीटर ठेवायचं असेल तर साडेचार झालं की कापायचं. साताऱ्याच्या पावसात याचा अर्थ दर पाचसहा दिवसांनी. एक आठवडा चुकलात की गेलं. बाबा आषाढी वारीला गेले की तीन आठवडे घरी नसतात आणि परत येतात तेव्हा गवत घोट्याच्या वर असतं. त्या एका दिवशी जिन्याखालचं माझं पंधराशे वॉटचं यंत्र बाहेर निघतं. झडप लावून, चपला नव्हे बूट घालून, खडे आधी वेचून, पातं वरच्या उंचीवर लावून. रोटरीची पट्टी मागच्या कडेला वर वळवलेली असते, ती पंख्यासारखी हवा खेचून गवत उभं करते, त्यामुळे असलं जंगल तिलाच कापता येतं. हे श्रेय तिला दिलंच पाहिजे.

पेट्रोलचं मशीन मात्र घराला नको. कापण्याचे खरे महिने पावसाळ्याचे. बाकीचा काळ कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकट होत पडून राहणार आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही दोरी ओढत बसणार. बॅटरीवालं चांगलं आहे, वायरची कटकट नाही. ४० व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे १६० वॉट-अवर. चारशे वॉटच्या लोडला चोवीस मिनिटं. आमच्या अंगणाला पुरेल, पण गवत ओलं असलं तर मोटर जास्त करंट खेचते आणि मिनिटं झपाट्याने कमी होतात. ज्यांना ढकलणं खरंच झेपत नाही त्यांनी तेच घ्यावं. फक्त एक करा: दुकानदाराला वॉट विचारण्याआधी पात्याला धार कोण लावून देतो ते विचारा. मी पाच दुकानांत विचारलं. चौघांनी नवीन पातं घ्या म्हणून सांगितलं, पाचवा माझ्याकडे बघतच राहिला.

आईच्या नडगीवरची खूण आता फिकट झाली आहे. ती पाहुण्यांना अजून सांगते, ‘‘हा इंजिनियर होणार आहे बरं का, गवत कापतो.’’ माझ्या मॅट्रिक्सचा कागद बाबांनी मागच्या सुट्टीत पट्ट्या करून संपवला. धार तपासायला. डाव्या बाजूला ‘पॉवर’ची ओळ स्वच्छ कापली गेली, उजव्या कडेला अजून दुमडते आहे. दिवाळीत पेस्ट घेऊन जायची आहे. कोणाच्या वर्कशॉपमध्ये उरलेला डबा असेल तर रूमवर आणून द्या, चहा माझ्याकडे.