उंचावलेली जीप

निपाणीच्या आमच्या एका स्नेह्यांनी शेतावरील चिखलासाठी आपली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप उंच करवून घेतली. पाट्यांचे शॅकल लांब बसविले. पुढे तवंदी घाटात प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग आपोआप एका अंगास ओढू लागले. मागे बसलेल्या वहिनींनी तर देवाचे नाव घ्यावयास सुरुवात केली. आम्हीही मनातल्या मनात घेतच होतो.

स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक मुळात जवळजवळ आडवी असते. गाडी उंचावली की ती तिरपी होते, आणि ॲक्सल खड्ड्यात वरखाली होताच चाकासही थोडे वळविते. शिवाय किंगपिनचा मागे झुकलेला कल ढळला, तर वळणानंतर चाक स्वतःहून सरळ येत नाही. दोनदा अलाइनमेंट करूनही गुण आला नव्हता, कारण तेथे केवळ टो-इन जुळविले होते.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका जाणत्या मिस्त्रीने पाटा व ॲक्सल यांमध्ये पोलादी पाचर घालून कल पूर्ववत केला, आणि खाली उतरता पिटमन आर्म लावून लिंक आडवी आणली. रॉड तापवून वाकविण्यास मात्र त्याने साफ नकार दिला.

उत्पादकाच्या मूळ बांधणीत असा फेरफार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात मनाई केली आहे, हे आम्ही सांगितले तेव्हा स्नेही गप्प झाले. मूळचे शॅकल अजून गोठ्यात पडून आहेत म्हणे.