धमकी ऐकली? आधी विचारा

‘बघून घेईन’, ‘उद्या चाकू आणतो’ – वर्गातल्या भांडणात कुणी असं म्हणालं, की शाळा एकतर हसण्यावारी नेते, नाहीतर दाखला हातात देते. वस्तीतल्या पोराच्या वाट्याला बहुधा दाखलाच येतो. नर्स म्हणून मला दोन्ही चूक वाटतं. ताप आला की आपण कारण शोधतो, इथंही शोधावं.

अमेरिकेतल्या सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ साली अहवाल दिला. बहुतेक हल्ल्यांआधी कुणाला तरी बेत ठाऊक होता. बहुधा मित्राला, शाळासोबत्याला किंवा भावंडाला. हल्लेखोरांचा एकच साचा मात्र सापडला नाही. म्हणजे पत्ता किंवा आडनाव बघून धोका कळत नाही, वागण्यावरून कळतो.

म्हणून विचारा: राग कुणावर? कुणी मारतंय, जातीवरून चिडवतंय? हत्यार हाताशी आहे? दिवस ठरलाय? नुसता राग असेल तर समजूत घालून समेट करा, पण छळ असेल तर तोही थांबवा. बेत दिसला तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि दोन्ही घरांना कळवा. मुलांसाठी १०९८ हेल्पलाइन आहे.

आणि मुलांनो, मित्राचा असा बेत मोठ्यांना सांगणं ही चहाडी नव्हे. त्यात दोघंही वाचतात.