डॉक्टर येती घरा...

हल्ली आमच्या लंच टेबलावर मुलांच्या शाळा-ॲडमिशनइतकीच कुत्र्यामांजरांची चर्चा चालते. कोणाच्या लॅबला गोचीड झाले, कोणाच्या पर्शियनच्या केसांच्या गाठी झाल्या... आणि मग ते हमखास वाक्य, "अरे, घरीच बोलव ना! ॲपवर स्लॉट मिळतो." अंघोळ घरी, नखं घरी, लस घरी, डॉक्टर घरी.

तसं यात नवीन काही नाही म्हणा. गावाकडे गुरांचा डॉक्टर कायम गोठ्यातच यायचा, मोटारसायकलला बॅग अडकवून. म्हैस रिक्षात घालून दवाखान्यात नेलेली कोणी पाहिलीय का? दवाखान्याची पायरी चढायची वेळ शहरातल्या टॉमीवरच आली.

माझं विचाराल तर घरी येणारा डॉक्टर ही चैन नाही. मांजरासाठी तर नाहीच नाही. आमचा बंड्या (वजन साडेपाच किलो, स्वभाव प्रोजेक्ट मॅनेजरचा) पिंजरा नुसता दिसला तरी पलंगाखाली गायब होतो. मग ती ओढाताण, रिक्षा, हॉर्न, वेटिंग रूममध्ये शेजारी भुंकणारा जर्मन शेफर्ड. टेबलावर पोचेपर्यंत ठोके वाढलेले, श्वास वाढलेला. ताणामुळे मांजराच्या रक्तातली साखरसुद्धा वर जाते, इतकी की मधुमेहाची शंका यावी! म्हणजे टेस्ट एन्व्हायर्नमेंटच गंडलेलं, मग रिपोर्टवर काय विश्वास ठेवणार? तेच मांजर घरी सोफ्यावर तपासलं तर आकडे पुष्कळ खरे येतात. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचंही तसंच. त्याला तीन जिने उतरवण्यापेक्षा डॉक्टर वर आलेले बरे. शिवाय ज्या गुळगुळीत टाइल्सवरून तो रोज घसरतो, त्या डॉक्टरांना घरी आल्यावरच दिसतात.

पण खरी गफलत पुढेच आहे. ॲपवर अंघोळ, नखं आणि डॉक्टर शेजारीशेजारी चौकोनांत बसलेले असतात. बघून बघून आपल्यालाही ती एकाच जातीची कामं वाटायला लागतात. अंघोळ शनिवारपर्यंत थांबते हो, आजार थांबत नाही. बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंब येत नाहीये, हे बऱ्याच जणांना बद्धकोष्ठ वाटतं. ते 'उद्या सकाळी दहा'चा स्लॉट बुक करून निर्धास्त झोपतात. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि मग दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तिथे भूल, नळी, रक्ततपासणी, सलाईन, सगळं लागतं. यातलं किती बॅगेत मावणार? ग्रेट डेनसारख्या मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि उलटी काढूनही काही पडत नाहीये, तर आतड्याआधी जठराला पीळ पडल्याची शंका घ्यावी. तिथे तर तासांचा हिशेब. अशा वेळी सरळ गाडी काढायची.

आपल्या भाषेत सांगायचं तर घरचा डॉक्टर म्हणजे एल-वन सपोर्ट. उत्तम गोष्ट आहे, पण पी-वन टिकेट पडल्यावर आपण एल-वनच्या रिप्लायची वाट बघत बसतो का?

दुसरं म्हणजे येतंय कोण? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करायचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. डिप्लोमावाल्यांना राज्य सरकार किरकोळ कामांची परवानगी देऊ शकतं, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. सोसायटीच्या गेटवर प्लंबरची एंट्री होते, आणि सुई टोचणाऱ्याला आपण चहा विचारतो फक्त! लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. त्यामुळे ती बर्फाच्या डब्यातून निघतेय की सॅकच्या पुढच्या कप्प्यातून, एवढं तरी बघा. बाटलीवरचं स्टिकर लसीच्या वहीत चिकटवून घ्या.

ग्रूमरबद्दल एकच. गुंगीचं औषध देणं हे त्याचं काम नाही. कुत्रा फार चावरा असेल तर आधी डॉक्टरशी बोला. (आणि उन्हाळा आला म्हणून हस्कीचा तुळतुळीत गोटा करू नका. ते दुपदरी केस त्याला उन्हापासूनही वाचवतात.)

सगळ्यात खटकतं ते म्हणजे प्रत्येक स्लॉटला नवा माणूस. मागच्या वेळी वजन किती होतं, कुठल्या औषधाने पुरळ आलं, सगळं पहिल्यापासून सांगा. टीममधल्या एकीची चौदा वर्षांची लॅब कुत्री गेल्या पावसाळ्यात उठेनाशी झाली. पिल्लू असल्यापासून तिला बघणारे डॉक्टर रात्री नऊला क्लिनिक बंद करून घरी आले. तपासलं, आता त्रास लांबवण्यात अर्थ नाही असं स्पष्ट सांगितलं. घरच्यांना वेळ दिला, आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. सगळं तिच्या रोजच्या गोधडीवर, नेहमीच्या खिडकीखाली. त्या घरात त्यांना कोणी पत्ता विचारावा लागला नव्हता.